नसलेली नोंद पुसताना एपीआयने काय उत्तर द्यावं?

पावसाची सर आली की घरात हाक उठते, "अरे, वाळवण काढ!" तुम्ही धावत गच्चीवर जाता आणि बघता तर गच्ची मोकळी. आता खाली येऊन आईला काय सांगाल? वहिनीने आधीच सगळं उचलून आत नेलं असेल तर "झालं" एवढं पुरे आहे. आईला वाळवण भिजू नये एवढंच हवं होतं. पण कुणीच उचललं नसेल तर "झालं" म्हणून चालणार नाही, कारण पापड माकडांनी नेलेले असू शकतात. आणि तुम्ही घाईत शेजारच्यांच्या गच्चीवर चढला असाल, तिथली मोकळी फरशी बघून "झालं" म्हणालात, तर सगळ्यांत वाईट. तुमचं वाळवण तिकडे भिजतंच आहे.

एपीआयला (म्हणजे ॲपची विनंती घेऊन सर्व्हरवर काम करणाऱ्या कोडला) "ही नोंद पुसून टाक" असं सांगितलं आणि नोंद सापडलीच नाही, तर हेच तीन प्रसंग असतात: आधीच पुसलेली, कधीच नसलेली, आणि पत्ताच चुकलेला. नवीन मंडळी बहुतेक वेळा या तिघांना एकच उत्तर देऊन मोकळी होतात. कुणी सगळ्याला ४०४ (सापडलं नाही) देतं, कुणी सगळ्याला २०४ (काम झालं). माझ्या मते दोन्ही अपुरं आहे. का, आणि मग काय करायचं, ते पायरीपायरीने सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कॉलेजांतून शिकून नुकतेच बॅकएंडच्या कामाला लागलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय, म्हणून उदाहरणही इकडचंच घेतो: गावातल्या दूध संकलन केंद्राचं ॲप.

आधी घडलेली गोष्ट. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात मोबाईलची रेंज येते आणि जाते. तिथल्या एका केंद्रासाठी मी एपीआय लिहिला होता. सकाळच्या पाळीला एका सभासदाचं दूध साडेसहा लीटर होतं, घाईत टिंब राहिलं आणि नोंद पासष्ट लीटरची झाली. काउंटरवरच्या ताईंनी ती नोंद काढून टाकायचं बटण दाबलं. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, नोंद पुसली गेली, पण उत्तर परत येताना रेंज गेली. ॲपने आपणहून तीच विनंती पुन्हा पाठवली. या वेळी सर्व्हरला नोंद सापडली नाही आणि माझ्या कोडने ४०४ दिलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, "नोंद सापडली नाही". खालची यादी मात्र फोनमधली जुनीच होती, तिच्यात पासष्ट लीटर तसेच दिसत होते.

ताईंना वाटलं ओळ चुकीची दाबली गेली. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं, तेच उत्तर. मग यादी एक ओळ खाली सरकली असेल असं समजून त्यांनी वरची ओळ काढली. ती लगेच गेली. ती दुसऱ्याच शेतकऱ्याची, आठ लीटरची, बिनचूक नोंद होती. दहा दिवसांनी बिल निघालं तेव्हा तो माणूस हातात पावती घेऊन केंद्रावर आला. ताईंनी मला फोन केला, "दादा, मी तर पासष्टचीच काढायला गेले होते, ते नाही नाही म्हणत होतं की." लॉग उघडल्यावर सगळं उलगडलं. ताईंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी सांगितलेलं काम पहिल्याच वेळी झालं होतं आणि माझ्या एपीआयने त्यांना "झालं नाही" असं भासवलं होतं.

पायरी १: मागणारा काय मागतोय ते ओळखा

पुसायच्या विनंतीचे दोन अर्थ असतात. एक, "ही वस्तू राहता कामा नये." दुसरा, "ही वस्तू आहे हे मला माहीत आहे, ती काढ, आणि नसेल तर मला सांग, कारण मग माझाच काहीतरी गोंधळ झालाय." पहिल्यात वस्तू आधीच नसणं हे यश आहे, दुसऱ्यात ती बातमी आहे.

हा भेद नवा नाही. तुम्ही रोज वापरता ती साधनं दोन्ही दारं उघडी ठेवतात. लिनक्सची आरएम आज्ञा नसलेल्या फाइलवर कुरकुरते, तिला एफचा पर्याय जोडला की गप्प राहते. पायथनच्या सेटवर रिमूव्ह चालवलं आणि घटक नसला तर कीएरर येते, डिस्कार्ड चालवलं तर काहीच होत नाही. पायथन ३.८ पासून पाथलिबच्या अनलिंकला मिसिंग ओके असा पर्याय मिळाला. जावात फाइल्सच्या वर्गात डिलीट आणि डिलीट इफ एक्झिस्ट्स अशा दोन वेगळ्या पद्धती आहेत. एसक्यूएलमध्ये ड्रॉप टेबलच्या पुढे इफ एक्झिस्ट्स लिहिता येतं, आणि साधं डिलीट विधान शून्य ओळी पुसूनही एरर देत नाही, फक्त "शून्य" असा आकडा देतं.

मोठ्या सेवांचंही एकमत नाही. ॲमेझॉनच्या एस३ या साठवणुकीच्या सेवेत नसलेला ऑब्जेक्ट पुसला तरी २०४ मिळतं. कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस ४०४ देतं आणि त्याच्या क्यूबसीटीएल या आज्ञेला "नसेल तर सोडून दे" असं वेगळं सांगावं लागतं. गूगलच्या एपीआय आराखड्याच्या नियमांत मूळ वागणूक "सापडलं नाही" ही एरर आहे, आणि अलाऊ मिसिंग हा पर्याय दिला तर यश.

पायरी २: आयडेम्पोटंट या शब्दाचा खरा अर्थ समजून घ्या

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, मुलाखतीतसुद्धा. एचटीटीपीचा (ॲप आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांचा) सध्याचा मुख्य दस्तऐवज म्हणजे आरएफसी ९११०, जून २०२२ चा. त्यात डिलीट ही पद्धत आयडेम्पोटंट आहे असं म्हटलंय. म्हणजे तीच विनंती एकदा केली काय आणि दहादा केली काय, सर्व्हरवर अपेक्षित परिणाम एकच. हे परिणामाबद्दल आहे, उत्तराबद्दल नाही. पहिल्या वेळी २०४ आणि दुसऱ्या वेळी ४०४ दिलं तरी नियम मोडत नाही. "डिलीट आयडेम्पोटंट आहे म्हणून दरवेळी २०४ द्यायलाच हवं" हा युक्तिवाद चुकीचा आहे.

मग हा गुण कशासाठी? उत्तर हरवलं तर क्लायंटने, म्हणजे मागणाऱ्या ॲपने, न घाबरता विनंती पुन्हा पाठवावी म्हणून. जांबोटीच्या पावसात ॲपने केलं ते बरोबरच होतं. पुन्हा पाठवण्याची मुभा द्यायची आणि पुन्हा पाठवल्यावर लाल अक्षरांत खडसावायचं, हे मला पटत नाही. नियमाने परवानगी दिली म्हणून ते माणसाच्या सोयीचं होतंच असं नाही.

पायरी ३: नाव पक्कं करा, जागा दाखवू नका

मला ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि हिच्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं.

"आजच्या यादीतली सातवी नोंद पुस" असा एपीआय समजा लिहिला. पहिल्या विनंतीने सातवी गेली. उत्तर हरवलं, विनंती पुन्हा गेली. आता आठवी वर सरकून सातवी झालेली आहे. ती जाते. आणखी एकदा पाठवलं तर आणखी एका शेतकऱ्याचं दूध जातं. "शेवटची नोंद पुस" याचंही तसंच. मग पत्त्यात डिलीट असा शब्द असला तरी ते काम आयडेम्पोटंट राहत नाही. पुन्हा पाठवायला सुरक्षित व्हायचं असेल तर विनंतीत त्या एका नोंदीचं, कधी न बदलणारं नाव असलं पाहिजे.

आणि ते नाव पुन्हा दुसऱ्या कुणाला मिळता कामा नये. एसक्यूलाइटमध्ये ऑटोइन्क्रिमेंट हा शब्द न लिहिता पूर्णांकी प्रायमरी की ठेवली, तर शेवटची ओळ पुसल्यावर तिचा क्रमांक पुढच्या ओळीला मिळू शकतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत ८.० च्या आधी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केल्यावर पुढचा क्रमांक टेबलातल्या सर्वांत मोठ्या क्रमांकावरून ठरायचा, त्यामुळे पुसलेला क्रमांक परत वापरला जाऊ शकत होता. उशिरा पोचलेली जुनी डिलीट विनंती अशा वेळी नव्या, निर्दोष नोंदीवर पडते. "सापडली नाही" हे उत्तर त्याहून कितीतरी बरं.

आमच्या ॲपमध्ये आता नोंद तयार होतानाच फोन तिला यूयूआयडी (दुसऱ्या कुणाला मिळणार नाही असा लांब आयडी) देतो. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ मधली सातवी आवृत्ती वेळेनुसार क्रम राखते, डेटाबेसच्या इंडेक्सलाही ती बरी पडते. रेंज नसतानाही नाव ठरतं, हा आपल्याकडे मोठाच फायदा.

रिकाम्या आयडीकडेही बघा. क्लायंटमध्ये आयडीचा चल (व्हेरिएबल) रिकामा राहिला आणि पत्ता "नोंदी/" एवढाच तयार झाला, तर काही फ्रेमवर्क ती विनंती संपूर्ण संग्रहाच्या दारात नेऊन सोडतात. संग्रहाच्या पत्त्यावर डिलीट चालूच ठेवू नका. तिथे ४०५ (ही पद्धत इथे चालत नाही) द्या.

पायरी ४: पुसल्याची खूण मागे ठेवा

आधीच पुसलेली आणि कधीच नसलेली यांत फरक करायचा तर सर्व्हरला काहीतरी आठवावं लागेल. ओळ खरोखर उडवण्याऐवजी तिच्यात "पुसल्याची वेळ" असा रकाना भरा. यात एचटीटीपीशी विसंगत असं काही नाही. आरएफसी ९११० स्वतःच म्हणतो की डिलीट म्हणजे त्या पत्त्याचा आणि आतल्या वस्तूचा संबंध तोडणं, मागची माहिती नष्ट झालीच पाहिजे असं नाही.

आता कोड. नवीन माणूस बहुधा असं लिहितो: आधी सिलेक्ट करून नोंद आहे का बघायचं, असेल तर पुसायचं. पण दोन फोनांवरून एकाच क्षणी विनंती आली तर दोघांनाही नोंद "आहे" अशी दिसते. म्हणून एकच अपडेट विधान लिहा: पुसल्याची वेळ आत्ताची कर, जिथे आयडी हा, केंद्र हे, आणि पुसल्याची वेळ अजून रिकामी. मग किती ओळी बदलल्या ते बघा. एक बदलली तर पुसण्याचं काम आपण केलं. शून्य बदलल्या तर मगच सिलेक्ट करून खूण आहे का ते तपासा.

हा एक-शून्याचा आकडा जिवापाड जपा, कारण पुसण्याला जोडून बाकीची कामं येतात: शेतकऱ्याच्या बिलातून रक्कम वजा करणं, त्याला एसएमएस पाठवणं, दिवसाच्या एकूण लीटरमध्ये फरक करणं. ही सगळी फक्त आकडा एक असेल तेव्हाच, आणि हिशेबाची वजाबाकी त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही, अशा कामांच्या गठ्ठ्यात). नाहीतर उत्तर दोन्ही वेळा २०४ असं सुबक मिळेल आणि आत रक्कम दोनदा वजा झालेली असेल. ४०४ की २०४ यावर तासभर वाद घालणारे मी पाहिलेत. दुसऱ्या विनंतीने हिशेब हलतो का, हे त्याआधी बघायला हवं.

खूण किती दिवस ठेवायची? फोन एखादी अडकलेली विनंती जास्तीत जास्त किती दिवसांनी पाठवू शकेल, त्याहून जास्त. आम्ही आर्थिक वर्षाचं ऑडिट होईपर्यंत ठेवतो. खुणेत आयडी, केंद्र, वेळ आणि कुणी पुसलं एवढंच असावं. शेतकऱ्याने आपली वैयक्तिक माहिती काढायला सांगितली तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो हक्क आहे, तेव्हा नाव आणि मोबाईल नंबर खुणेत अडकवून ठेवू नका.

पायरी ५: उत्तरं ठरवा

मी वापरतो ती पद्धत सांगतो. नोंद होती आणि आत्ता पुसली: २०४, किंवा नवीन बेरीज परत द्यायची असेल तर २००. पुसण्याचं काम मागे रांगेत टाकलं असेल तर २०२. नोंद आधीच पुसलेली, खूण सापडली: तरीही २०४. ताईंना हवं होतं ते झालेलं आहे, त्यांना लाल अक्षरं दाखवायचं कारण नाही. "गेलेली आहे" असं सांगणारा ४१० हा कोड मी पुसलेली नोंद वाचायला येणाऱ्यासाठी ठेवतो.

नोंद कधीच नव्हती: ४०४. ही शेजारच्या गच्चीची गोष्ट. इथे गोड बोलून २०४ दिलं तर टायपिंगची चूक, चुकीच्या सर्व्हरचा पत्ता, चाचणीतला आयडी, सगळं यशाच्या पांघरुणाखाली दडतं.

पण नुसता ४०४ पुरत नाही. पत्त्यात "नोंदी" ऐवजी "नोंद" लिहिलं गेलं तरी वाटेतला गेटवे (विनंत्या पुढे पोचवणारा सर्व्हर) ४०४ च देतो. क्लायंटला कसं कळणार की ही नोंद नाही, की दारच चुकलंय? म्हणून उत्तराच्या अंगात (बॉडीत) यंत्राला वाचता येईल असा स्वतःचा कोड द्या. त्याचा साचा जुलै २०२३ च्या आरएफसी ९४५७ मध्ये तयार आहे. आपल्या भागात याचा दुसराही उपयोग आहे. खानापुरातल्या पडद्यावर मराठी वाक्य हवं, बैलहोंगलला कन्नड. एपीआयने ठरीव कोड द्यावा, वाक्य ॲपने आपल्या भाषेत लिहावं. वाक्य वाचून निर्णय घेणारं क्लायंट कोड मी पाहिलंय, भाषांतर बदललं त्या दिवशी ते मोडलं.

बिल निघाल्यामुळे नोंद पुसता येत नसेल तर ४०९. आणि "मी पाहिली तीच नोंद पुस, मधे कुणी बदलली असेल तर थांब" असं हवं असेल तर ईटॅग (नोंदीच्या आवृत्तीचा शिक्का) आणि इफ-मॅच (तो शिक्का जुळला तरच कर, ही अट) वापरा, न जुळल्यास ४१२. त्यातही मुभा आहे: मागितलेला बदल आधीच झालेला आहे याची सर्व्हरने खात्री केली असेल, तर ४१२ ऐवजी यशाचं उत्तर देता येतं.

एकदम पन्नास नोंदी पुसायच्या असतील तर एकच कोड सगळ्यांवर थोपू नका. प्रत्येक आयडीपुढे "पुसली", "आधीच पुसलेली", "कधीच नव्हती" असं लिहून यादी परत द्या.

पायरी ६: परवानगी आधी, शोध नंतर

एका केंद्राच्या सचिवाने दुसऱ्या केंद्राच्या नोंदीचा आयडी पाठवला तर? असलेल्या परक्या नोंदीला ४०३ (परवानगी नाही) आणि नसलेलीला ४०४ दिलं, तर आयडी बदलत बदलत कुठली नोंद खरी आहे ते बाहेरच्याला कळतं. म्हणून परक्याच्या नोंदीलाही "नाही"च म्हणा, ४०४. आरएफसी ९११० तशी सवलत देतो. वरच्या अपडेट विधानात केंद्राची अट यासाठीच घातली. खूण शोधतानाही ती अट विसरू नका, नाहीतर दुसऱ्याची पुसलेली नोंद २०४ च्या रूपाने बाहेर फुटते.

पायरी ७: क्लायंटची बाजू

२०४ आलं की यादी ताजी करा. ४०४ आलं आणि अंगात आपला "कधीच नव्हती" कोड असेल तरी यादी ताजी करा, मग माणसाला सांगा. अंगात आपला कोडच नसेल तर काहीतरी वेगळंच बिघडलंय असं समजा, आणि नोंद गेली असं मुळीच धरू नका. उत्तरच आलं नाही तर तोवर ओळ पुसट दाखवा आणि शेजारी "पाठवतोय" लिहा. आमच्या ताईंना त्या दिवशी एवढं दिसलं असतं तरी वरच्या ओळीकडे हात गेला नसता.

ऑफलाइन चालणाऱ्या ॲपमध्ये आणखी एक खड्डा आहे. रेंज नसताना नोंद केली, लगेच पुसली, आणि रेंज आल्यावर रांगेतली पुसायची विनंती आधी पोचली. सर्व्हरने "नाहीच आहे, मग झालं" म्हणून २०४ दिलं तर फोन ती विनंती रांगेतून काढतो. मागून तयार करायची विनंती येते आणि पुसलेली नोंद जिवंत होऊन बसते. एकाच नोंदीच्या विनंत्या फोनने क्रमानेच पाठवाव्यात. आणि ४०४ मिळालं, पण त्याच नोंदीची तयार करायची विनंती अजून रांगेत असेल, तर पुसायची विनंती जपून ठेवून नंतर पुन्हा पाठवावी.

पायरी ८: रेंज मुद्दाम घालवून बघा

बेळगावात टिळकवाडीच्या ऑफिसात वायफायवर सगळंच चालतं. म्हणून चाचणीच्या सर्व्हरवर ट्रान्झॅक्शन पक्कं झाल्यावर आणि उत्तर जायच्या आधी तीस सेकंदांचा थांबा (स्लीप) घाला, क्लायंटची मुदत दहा सेकंद ठेवा. विनंती पुन्हा जाईल. आता पडदा काय दाखवतो, बिलातली रक्कम किती, एसएमएस किती गेले, हे तिन्ही पाहा. मग दोन फोनांवरून एकाच नोंदीवर एकदम बटण दाबा. त्यानंतर कधीच नसलेला आयडी, परक्या केंद्राचा आयडी, रिकामा आयडी आणि चुकवलेला पत्ता, अशा चार विनंत्या पाठवून प्रत्येकीचं उत्तर वहीत लिहा. शेवटी खुणा साफ करणारं काम चालवून पहिली विनंती पुन्हा पाठवा. खूण गेल्यामुळे आता तिला ४०४ यायला हवं, आणि हिशेबातली रक्कम जिथल्या तिथे असायला हवी.

आमचा हा बदल पुढच्या पावसाळ्याच्या आधी त्या केंद्रावर गेला. ज्याचे आठ लीटर गेले होते त्या शेतकऱ्याच्या पावतीवरून नोंद परत घातली आणि पुढच्या बिलात त्याचे पैसे दिले.